ताशी दीडशे उल्का: त्यातल्या तुमच्या वाट्याला किती, आणि त्या कशा मिळवायच्या

डिसेंबर उजाडला की 'आज रात्री ताशी १५० उल्का!' ही बातमी फिरायला लागते. ती वाचून माणसं हौसेने गच्चीवर जातात, चहूबाजूच्या दिव्यांच्या उजेडात मान वर करून पंधरा मिनिटं उभी राहतात, मान अवघडते, दिसलीच तर एखादी उल्का दिसते आणि 'काही खरं नाही' म्हणत मंडळी खाली उतरतात. बातमी खोटी नसते. तो आकडा त्यांच्या आकाशासाठी काढलेला नसतो, इतकंच. तुमच्या आकाशात त्यातला किती वाटा पदरात पडेल आणि तो वाढवायचा कसा, हे कळलं की उल्कावर्षाव पाहायला ना दुर्बीण लागते ना पैसा.

आधी त्या आकड्याचा हिशेब

१५० हा आकडा तीन अटी गृहीत धरून काढलेला असतो. उल्का ज्या बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात तो बिंदू बरोबर डोक्यावर हवा. आकाशात चंद्र आणि ढग नकोत. आणि आकाश इतकं काळं हवं की ६.५ प्रतीचे तारे नुसत्या डोळ्यांना दिसावेत. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. आकडा जितका मोठा, तारा तितका मंद. ६.५ म्हणजे चांगल्या डोळ्यांची जवळजवळ शेवटची हद्द.

आता एकेक अट सैल करून पाहू. डिसेंबरातल्या या वर्षावात (त्याचं नाव जेमिनिड्स) मंद उल्कांचा भरणा असतो. तेज एका प्रतीने उतरलं की उल्कांची संख्या साधारण २.६ पट होते. याचा उलटा अर्थ असा, की तुमच्या आकाशाने मंदातली एक प्रत गिळली तर १५० चे ५८ राहतात. दोन प्रती गिळल्या तर २२. झगमगाटाच्या शहरात, जिथे साडेतीन प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात, तिथे आठ-नऊ. शिवाय तो उगमबिंदू डोक्यावर नसून क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर जे काही उरलं त्याचे निम्मे करायचे. म्हणजे शहराच्या मध्यावर, रात्री लवकर उभ्या राहिलेल्या माणसाला तासाला चार. त्याने पंधरा मिनिटं दिली तर एक. गच्चीवरून उतरलेल्या मंडळींना दिसली तेवढीच!

हिशेब ढोबळ आहे, पण जोर कुठे लावायचा ते त्यातून कळतं. सगळ्यात मोठी गळती आकाशाच्या उजेडाने होते, त्यानंतर चुकीच्या तासाने. कपडे, खुर्ची, कॅमेरा हे सगळं त्याच्या मागून.

वर नेमकं काय चाललेलं असतं

धूमकेतू सूर्याजवळून जाताना त्याचा बर्फ उडतो आणि त्याबरोबर धूळ-खडे मागे सुटतात. ते त्याच्याच कक्षेत पसरून राहतात. पृथ्वी दर वर्षी ठरावीक दिवसांत त्या धुळीच्या पट्ट्यातून जाते, म्हणून वर्षाव दर वर्षी त्याच सुमाराला येतो. वाळूच्या कणापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे हे कण सेकंदाला दहा-वीस नव्हे तर पार सत्तर किलोमीटरपर्यंतच्या वेगाने वातावरणात शिरतात. समोरची हवा इतकी दाबली जाते की ती आणि कण दोन्ही प्रचंड तापतात, आणि जमिनीपासून साधारण १२० ते ८० किलोमीटर उंचीवर तो उजेडाचा ओरखडा उमटतो. तिथेच खेळ संपतो. वर्षावातलं काही अंगावर पडेल ही भीती सोडून द्या. हे कण जमिनीपर्यंत टिकत नाहीत.

सगळे कण एकमेकांना समांतर येत असतात, पण समांतर रूळ जसे दूर एका ठिकाणी मिळाल्यासारखे वाटतात तसेच त्यांचे मार्ग मागे वाढवले तर आकाशातल्या एका बिंदूत मिळतात. हा उगमबिंदू ज्या तारकासमूहात, त्याचं नाव वर्षावाला. १८३३ च्या नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेवर सिंह राशीतून उल्कांचं अक्षरशः वादळ आलं, तेव्हा डेनिसन ओल्मस्टेड या प्राध्यापकांनी लोकांच्या नोंदी गोळा केल्या आणि सगळ्या उल्का एकाच बिंदूतून येतात, म्हणजे त्या वातावरणाबाहेरून येणाऱ्या कणांचा समांतर झोत असणार, हे दाखवून दिलं. पुढे १८६६ मध्ये इटलीच्या जोव्हान्नी स्कियापरेल्ली यांनी ऑगस्टमधल्या उल्कांची कक्षा आणि स्विफ्ट-टटल धूमकेतूची कक्षा एकच असल्याचं दाखवलं, आणि धूमकेतू व उल्का यांचं नातं पक्कं झालं.

पायरी १: वर्षाव निवडा

वर्षावांची यादी मोठी आहे, पण नवख्याने पहिल्यांदा दोनच नावं लक्षात ठेवावीत: डिसेंबरातले जेमिनिड्स आणि ऑगस्टमधले पर्सिड्स.

माझं मत विचाराल तर सुरुवात जेमिनिड्सपासून करा. १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला ते भरात असतात. उगमबिंदू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या कॅस्टर या ताऱ्याजवळ. मिथुन रास संध्याकाळ सरतानाच उगवते, त्यामुळे पहाटेपर्यंत ताटकळावं लागत नाही. रात्री नऊ-दहानंतर बिंदू बऱ्यापैकी वर असतो आणि दोनच्या सुमाराला सगळ्यात उंच. लहान मुलांना दाखवायला याच्याइतका सोयीचा वर्षाव दुसरा नाही. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणजे उल्कांच्या मानाने निवांत; डोळा वळवायला जरा उसंत मिळते. गंमत म्हणजे यांचा जनक नेहमीसारखा धूमकेतू नाही. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडलेला फेथॉन हा लघुग्रह त्यांचा पूर्वज मानला जातो, आणि खडकाळ दिसणाऱ्या या पिंडाने एवढी धूळ कधी व कशी सोडली याची चर्चा अजून चालू आहे.

पर्सिड्स १२-१३ ऑगस्टला. ययाती तारकासमूहातून, म्हणजे शर्मिष्ठेच्या इंग्रजी 'डब्ल्यू'सारख्या आकाराच्या खालच्या अंगाने येतात. वेग सेकंदाला ५९ किलोमीटर. आदर्श आकाशात ताशी १०० च्या आसपास. तेजस्वी उल्का बऱ्याच असतात आणि त्यांच्यामागे क्षणभर टिकणारी उजेडाची रेघ राहते. उत्तर गोलार्धात हा वर्षाव उत्तम. जसजसे दक्षिणेकडे जाल तसतसा ययाती क्षितिजाला चिकटत जातो. आणि इथे पहाटेला पर्याय नाही: मध्यरात्रीनंतर पुढे पुढे संख्या वाढत जाते.

बाकीचे भराभर सांगतो. जानेवारीच्या ३-४ तारखेचे क्वाड्रँटिड्स संख्येने या दोघांच्या तोडीचे, पण त्यांचा भर जेमतेम काही तासांचा. तो तुमच्याकडच्या रात्री आला तर आला, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे काही नसतं. एप्रिलच्या २२ तारखेच्या आसपास स्वरमंडळातून, अभिजित ताऱ्याच्या बाजूने येणारे लायरिड्स ताशी १८ च्या घरातले. मेच्या ५-६ तारखेचे ईटा ॲक्वारिड्स आणि २१ ऑक्टोबरचे मृग नक्षत्रातले ओरायनिड्स, दोन्ही हॅलेच्या धूमकेतूची धूळ. पैकी मेमधले पहाटेच दिसतात आणि दक्षिण गोलार्धातल्यांना जास्त लाभतात. १७-१८ नोव्हेंबरचे लिओनिड्स सगळ्यात वेगवान, सेकंदाला ७१ किलोमीटर. त्यांचं नाव १८३३ आणि १९६६ च्या वादळांमुळे फार मोठं, पण एरवीच्या वर्षी ताशी दहा-पंधरा. नावाला भुलून नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

पायरी २: चंद्र बघा, मगच बेत करा

पौर्णिमेचा चंद्र आकाशात असेल तर काळोख्या रानात जाऊनही शहरातल्यासारखंच आकाश मिळतं. त्यामुळे वर्षावाची तारीख आणि तिथी शेजारी शेजारी लिहून काढा.

पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर राहतो. त्यानंतर रोज सरासरी पाऊण-एक तास उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमाराला. शुद्ध पक्षात उलट: संध्याकाळी चंद्र असतो आणि अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. यावरून सरळ निष्कर्ष निघतो. पहाटेचा वर्षाव, उदाहरणार्थ पर्सिड्स, शुद्ध पक्षातल्या पहिल्या आठ-नऊ दिवसांत आला तर काळजी नाही. तोच वद्य पंचमीला आला तर पहाटे चंद्र डोक्यावर. जेमिनिड्स दोन्हीकडून तरतात: वद्य पक्षात चंद्र उगवण्याआधीचे तास घ्यायचे, शुद्ध पक्षात तो मावळल्यानंतरचे.

२०२६ मध्ये १२ ऑगस्टला अमावस्या आहे, म्हणजे पर्सिड्ससाठी याहून चांगला योग मागूनही मिळणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनिड्सच्या वेळी चंद्राची कोर लवकर मावळून जाईल. २०२७ च्या जेमिनिड्सना मात्र १३ डिसेंबरचा पूर्ण चंद्र गाठतो आहे. अशा वर्षी जायचंच असेल तर चंद्र पाठीशी, एखाद्या झाडाच्या किंवा भिंतीच्या आड ठेवा आणि फक्त ठळक उल्कांची अपेक्षा करा.

पायरी ३: नेमकी कुठली रात्र, कुठला तास

इथे हमखास घोळ होतो. '१४ डिसेंबरच्या पहाटे २' म्हणजे १३ तारखेच्या संध्याकाळी सुरू झालेली रात्र. बातमीत नुसतं '१४ डिसेंबरला' लिहिलेलं असतं आणि माणसं १४ ला जेवून-खाऊन बाहेर पडतात. जेमिनिड्सच्या बाबतीत तोवर भर ओसरू लागलेला असू शकतो. म्हणून वहीत लिहिताना '१३ ची संध्याकाळ ते १४ ची पहाट' असंच लिहा.

दुसरं, वर्षाव कॅलेंडरच्या तारखेला बांधलेला नसतो, पृथ्वीच्या कक्षेतल्या जागेला बांधलेला असतो. वर्ष पुरतं ३६५ दिवसांचं नसल्यामुळे भराची वेळ दर वर्षी सुमारे सहा तासांनी पुढे सरकते आणि लीप वर्षी परत मागे येते. प्रसिद्ध होणारी वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. ती आपल्या घड्याळात बदलून घ्या. भर तुमच्याकडच्या दुपारी येत असेल तर आदली आणि नंतरची, अशा दोन्ही रात्रींचा विचार करावा लागतो.

तासाचं गणित सोपं आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते. मध्यरात्रीनंतर आपण तिच्या पुढच्या अंगाला येतो, धुळीला सामोरे जातो. संध्याकाळी मागच्या अंगाला असतो आणि मागून गाठणारे कणच मिळतात. त्यामुळे बहुतेक वर्षाव मध्यरात्र ते पहाट या वेळेतले. उजाडण्याच्या तासभर आधीपासून आकाश फिकट होऊ लागतं, तेव्हा शेवटचा चांगला तास त्याच्या आधीचा.

मात्र उगमबिंदू नुकताच उगवत असतानाच्या वेळेला अगदीच टाकाऊ समजू नका. त्या वेळी उल्का फार थोड्या, पण आलेली उल्का वातावरणाला चाटून जाते आणि निम्मं आकाश ओलांडत सावकाश सरकते. तासाभरात अशी एक दिसली तरी बाकीच्या वीसांवर भारी.

पायरी ४: जागा

हिशेबात पाहिलं तसं सगळ्यात मोठी कमाई इथे आहे. गावाच्या दिव्यांपासून जितकं दूर जाता येईल तितकं जा, पण दिशेचाही विचार करा. शहराच्या उजेडाचा घुमट ज्या बाजूला असेल ती बाजू पाठीला यावी. दूरच्या त्या घुमटापेक्षा जवळचा एखादा दिवा जास्त नडतो: पन्नास पावलांवरचा खांबावरचा दिवा थेट डोळ्यांत येत असेल तर दूरवर जाऊन काही मिळवलं नाही. डोंगरमाथाच हवा असंही नाही. क्षितिजापासून दीड-दोन मुठी वरचं आकाश मोकळं असलं की पुरे. हात लांब केला की मूठ साधारण १० अंश भरते आणि वीत २० अंश. हे माप पुढेही कामाला येईल.

आकाश किती काळं आहे हे ठरवायला कृत्तिका बघा. डिसेंबरात त्या रात्र पडल्यावर उंच असतात. सहा तारे सुटे मोजता आले तर तुमची हद्द सव्वाचार-साडेचार प्रतींच्या पुढे. सातवा, आठवाही दिसला तर पाच-साडेपाच. कृत्तिका नुसता धूसर पुंजका दिसत असेल तर जागा बदलण्याचा विचार करा, अर्थात डोळे अंधाराला सरावल्यानंतर.

जागा दिवसाउजेडी एकदा बघून या. जमीन कुणाची, परवानगी लागते का, गाडी कुठे लावायची, खड्डे-काटे कुठे आहेत हे अंधारात शोधायचं नसतं. अंथरूण टाकण्याआधी विजेरीने जमीन नीट तपासा; साप-विंचवाला तुमच्या उल्कांशी देणंघेणं नसतं. एकट्याने जाऊ नका, आणि कुठे जाताय ते घरी कुणाला तरी सांगून जा.

जाणं शक्यच नसेल तर गच्ची चालेल. दिव्यांना आडोसा होईल अशा कोपऱ्यात आडवे व्हा आणि तासाला आठ-दहा ही अपेक्षा ठेवून बसा.

पायरी ५: सोबत काय घ्यायचं

आडवं होण्याची सोय ही एकच अत्यावश्यक गोष्ट. मागे रेलणारी खुर्ची किंवा चटई, तिच्याखाली प्लास्टिकचा कागद, कारण जमिनीतून ओल वर येते आणि पहाटे दव पडतं. उघड्या आकाशाखाली न हलता पडून राहिलं की थंडी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वाजते. एक थर जास्तीचा, कानटोपी, पायमोजे, अंगावर घ्यायला पांघरूण. डास असतील तर त्यांचा बंदोबस्त. गरम पेय. संध्याकाळी तास-दोन तासांची झोप काढून घेतलेली बरी. आडवं झाल्यावर डोळा लागणं हे ढगांइतकंच मोठं विघ्न आहे.

दुर्बीण घरी ठेवा. तिच्यातून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि उल्का कुठे येईल ते सांगून येत नाही. इथे डोळ्यांची रुंद नजरच हवी.

पायरी ६: डोळ्यांना वेळ द्या

उजेडातून अंधारात आलं की बाहुल्या काही सेकंदांत मोठ्या होतात आणि आपल्याला वाटतं, झालं, दिसायला लागलं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. मंद उजेड टिपणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य पुन्हा भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि फोनच्या पांढऱ्या पडद्याकडे टाकलेला एक कटाक्ष ते सगळं पुसून टाकतो. परत वीस मिनिटं. लाल उजेडाचा त्या पेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून विजेरीला लाल जिलेटीन कागद दुपदरी लावा. फोन बंद करून खिशात. नकाशा बघायचाच असेल तर स्टेलॅरियमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रीसाठी लाल पडद्याची सोय असते, तीही सगळ्यात मंद करून.

घोळक्यात हा नियम पाळणं सगळ्यात अवघड. कुणीतरी वेळ बघायला फोन काढतोच आणि दहा जणांचे डोळे दिपतात. निघण्याआधीच सांगून ठेवा. तिथे जाऊन चिडचिड करण्यात अर्थ नाही.

पायरी ७: नजर कुठे ठेवायची

उगमबिंदूकडे टक लावून बसू नका. तिथल्या उल्का तुमच्याकडे रोखून येत असतात, त्यामुळे त्यांचे ओरखडे आखूड असतात. कधीकधी तर जागच्या जागी ठिपका लकाकतो आणि विझतो. लांब ओरखडे बिंदूपासून दूर. तेव्हा बिंदूपासून दोन वितींच्या अंतरावर, क्षितिजापासून साधारण दोन ते अडीच विती उंचीवर, आणि तुमच्या आकाशाचा जो भाग सगळ्यात काळा असेल तिकडे तोंड करून पडा. या तिन्ही गोष्टी एकदम जमत नसतील तर काळोखाला पहिला मान.

डोक्यावर बघण्यापेक्षा थोडं खाली बघण्यात फायदा आहे. शंभर किलोमीटर उंचीवरच्या त्या थराकडे तिरकस पाहिलं की नजरेत त्याचं क्षेत्रफळ जास्त येतं. ३० अंश उंचीवर दिसलेली उल्का तुमच्यापासून जवळजवळ दोनशे किलोमीटरवर असते. तिथल्या माणसाच्या ती ऐन डोक्यावर. मात्र आणखी खाली गेलात तर हवेचा जाड थर मंद उल्का खाऊन टाकतो.

नजर सैल ठेवा. एका ताऱ्यावर खिळवू नका, आणि सारखी इकडून तिकडे फिरवूही नका. मंद उल्का डोळ्याच्या कडेला जास्त चांगल्या पकडल्या जातात. 'अरे ती बघ!' ऐकून वळलेल्या माणसाला ती उल्का कधीच दिसत नाही, आणि वळल्यामुळे पुढची त्याच्या मूळ दिशेला पडून जाते.

सलग तासभर तरी द्या. तासाला वीस म्हणजे दर तीन मिनिटांना एक असं गाडीच्या वेळापत्रकासारखं होत नाही. आठ-दहा मिनिटं शुकशुकाट आणि मग मिनिटभरात तीन, हा उल्कांचा नेहमीचा स्वभाव. बहुतेक लोक त्या शुकशुकाटातच उठून जातात.

पायरी ८: दिसलं ते उल्काच होती का, आणि याच वर्षावातली?

बहुतेक उल्का सेकंदाच्या आत संपतात, तेजस्वी असली तर दोन-तीन सेकंद. मिनिटभर एकसारखा सरकणारा ठिपका हा उपग्रह; तो पृथ्वीच्या सावलीत शिरला की हळूहळू विझतो. लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे म्हणजे विमान. एका ओळीत चालणारे ठिपके हा नुकताच सोडलेला उपग्रहांचा ताफा.

उल्का खरी, पण या वर्षावातली का? कुठल्याही रात्री काळ्या आकाशात ताशी पाच-दहा भटक्या उल्का दिसतातच. ओळखायची रीत अशी. उल्का विझल्याबरोबर ती कोणत्या ताऱ्यांच्या मधून गेली ते मनात पकडून ठेवा. मग एक दोरी दोन्ही हातांत ताणून त्या मार्गावर धरा आणि ती मागच्या बाजूला वाढवा. दोरी पुनर्वसूच्या जवळून गेली तर उल्का मिथुनेची असण्याचा संभव. दूर भलतीकडे गेली तर भटकी. आणखी दोन कसोट्या. ओरखड्याची लांबी उगमबिंदूपासूनच्या अंतराच्या निम्म्याहून फार जास्त नसावी. आणि वेग जुळायला हवा: जेमिनिड सावकाश सरकते, सटकन गेलेली उल्का मिथुनेच्या दिशेने आली तरी संशयास्पद. सुरुवातीला दोरी लागते, थोड्या सरावाने नुसत्या नजरेला कळतं.

रंगही टिपा. पिवळसर झाक बहुधा सोडियमची, हिरवट मॅग्नेशियमची, आणि वेगवान उल्कांच्या हिरव्या रेघेत हवेतल्या ऑक्सिजनचाही हात असतो. आवाज ऐकू येण्याची अपेक्षा ठेवू नका.

पायरी ९: मोजा

नुसतं बघण्यातही मजा आहे, पण मोजायला लागलं की लक्ष टिकतं आणि तुमच्या रात्रीचा उपयोगही होतो. १९८८ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशन ही संस्था जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते, आणि वर्षावांच्या चढउताराचे आलेख त्यांच्यावरूनच काढले जातात.

नोंदीत काय हवं? ठिकाण. सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ, मधली विश्रांती वजा करून. दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्याची प्रत. आकाशाचा किती भाग ढगांनी झाकला होता. मग प्रत्येक उल्केपुढे दोनच गोष्टी: वर्षावातली की भटकी, आणि तेज अंदाजे किती. तेज शेजारच्या ओळखीच्या ताऱ्याशी ताडून पाहायचं. कागदावर न बघता खुणा करता येतात, पण आवाज टिपणारं यंत्र उशाशी चालू ठेवून 'मिथुन, दोन' असं पुटपुटणं सगळ्यात सोपं. नजर वरून हलत नाही.

चौघांनी चार दिशा वाटून घ्यायला हरकत नाही, पण चौघांच्या मोजण्या एकत्र करून 'आम्ही ताशी ऐंशी पाहिल्या' म्हणू नका. प्रत्येकाची नोंद वेगळी, नाहीतर तिची कशाशीच तुलना होत नाही. दिसली नाही अशी पाऊण तासाची नोंदही नोंदच असते; ती फाडून टाकू नका.

फोटो काढायचाच असेल तर

पहिल्या रात्री काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्याच्या पडद्याने डोळे जातात आणि बटणं शोधताना तास निघून जातो. तरीही मोह आवरत नसेल तर कॅमेरा तिपाईवर लावा, रुंद भिंग, छिद्र शक्य तितकं उघडं, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर. पंधरा-वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक आपोआप निघत राहतील अशी सोय करून कॅमेऱ्याकडे पाठ फिरवा. शेकडो फोटोंत पाच-सातांवर उल्का मिळाली तर नशीब चांगलं. तासा-तासाने भिंगावर दव धरलंय का तेवढं लाल उजेडात तपासा.

ढग आले तर

ढगांतही फटी पडतात, तेव्हा पहिल्या तासात निघून जाऊ नका. रात्रच वाया गेली तर पुढचं पाऊल वर्षावावर अवलंबून आहे. पर्सिड्सचा चढ-उतार बेताचा. भराच्या आदल्या आणि नंतरच्या रात्रीही निम्म्याच्या आसपास मिळू शकतात, म्हणून दुसऱ्या दिवशी खुशाल जा. जेमिनिड्स हळूहळू चढतात आणि झपकन उतरतात, तेव्हा अंदाज खराब दिसत असेल तर नंतरच्या रात्रीपेक्षा आदली रात्र धरा. क्वाड्रँटिड्स चुकले तर चुकले. सरळ एप्रिलच्या लायरिड्सची तिथी बघायला घ्या.